ठोकळ्यांचा लूम करणारी माझी जाऊ

रंजू,

तुझ्या मयताला आलेली माणसं बघून मला तुझा हेवा वाटला. हे आधीच लिहून टाकते, कारण हे दाबून ठेवलं तर पुढचं काहीच खरं लिहिता येणार नाही.

अंजूरच्या आपल्या गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. गोडाऊनमधल्या बाया शिफ्ट अर्ध्यावर सोडून युनिफॉर्मवरच आल्या होत्या. भिवंडीहून लूमवाले आले. दिघाशीहून तुझ्या माहेरची माणसं दोन टेम्पो भरून आली. खेळण्यांच्या कंपनीतल्या मॅडम मुंबईहून आल्या आणि चपला हातात घेऊन अंगणात खाली बसल्या. मी थोरली जाऊ म्हणून तुझ्या उशाशी. तुला हळदकुंकू मी लावलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तेव्हाच मनात काय आलं सांगू? मी गेले तर एवढी माणसं येतील का? शाळेतल्या दोन-तीन बाई येतील. मुख्याध्यापक हार घालून दहा मिनिटांत निघतील. कुणी शिफ्ट सोडून येणार नाही.

तू असतीस तर हसली असतीस. म्हणाली असतीस, "ताई, मेल्यावर पन माझ्याशी शर्यत?"

हो गं. अठरा वर्षांची सवय आहे.

तू या घरात आलीस तेव्हा मी इथे चार वर्षं मुरलेली होते. मी भिवंडी शहरातली, चित्रकलेचा डिप्लोमा केलेली, शाळेत नोकरी करणारी सून. आई, म्हणजे आपल्या सासूबाई, चारचौघींत माझी ओळख करून द्यायच्या, "ही आमची मास्तरीन." तू दिघाशीची, दहावीपर्यंत शिकलेली. दिनेशभावजी टेम्पो चालवायचे, त्यांच्या शेजारी बसून तू पहिल्यांदा अंजूरला आलीस. बोलायला लागलीस की "हाय" आणि "न्हाय". मी तुझं बोलणं सुधारायला निघाले होते, आठवतं? "रंजू, पण म्हण, पन नाही." तू म्हणायचीस, "पन मी पनच म्हनते की." मला कळायचं नाही, तू खरंच चुकतेस की माझी थट्टा करतेस. अजून कळलेलं नाही.

तेव्हा मी तुझ्यावर जळत नव्हते. उलट तुझी कीव यायची. माझ्या मांडीवर तन्वी आली आणि तुझी कूस काही उजवली नाही, तेव्हा मी सगळ्यांसमोर तुझ्या बाजूने बोलायचे, कुणी टोमणा मारला तर तोंडावर उत्तर द्यायचे. ते खरं होतं. पण आत कुठेतरी मला बरंही वाटायचं, की शिक्षण माझ्याकडे, नोकरी माझ्याकडे, लेक माझ्याकडे. तुला काही द्यायचं झालं तर मी देणारी. ती जागा मला फार आवडायची.

मग आपली शेती गोडाऊनवाल्यांकडे गेली, घरातल्या बायकांना दिवसभर काय करायचं हा प्रश्न पडला, आणि तू गोडाऊनमध्ये कामाला लागलीस. परत आलेल्या मालाच्या विभागात. लोकांनी मागवलेलं आणि नको म्हणून परत पाठवलेलं सगळं तिथे यायचं. तू फाटके खोके उघडून बघायचीस, धड ते एका बाजूला, मोडकं ते दुसऱ्या बाजूला. त्यात एक दिवस ठोकळ्यांचे खोके आले. एकावर एक बसवून घर, गाडी, विमान करायचे ते प्लास्टिकचे रंगीत ठोकळे. खोके फुटले होते, तुकडे एकमेकांत मिसळले होते, कुठला तुकडा कुठल्या खोक्यातला हे सांगता येत नव्हतं. ते सगळं भंगारात जाणार होतं. तू तुमच्या सुपरवायझरला, मिश्राजींना, विचारलंस, "ये मैं ले जाऊं?" ते म्हणाले, "ले जाओ, लिखवा के ले जाओ." आणि तू तांदळाची गोण भरून ठोकळे घरी घेऊन आलीस.

मला वाटलं तन्वीसाठी आणलेस. तन्वीलाही तसंच वाटलं. पण तू तिला म्हणालीस, "तू पन खेळ, पन माझा ढीग वेगळा."

पहिल्या महिन्यात तू नुसते रंग वेगळे केलेस. मग आकार. मग दातेवाली चाकं, दांडे, जोडणारे खिळे. चाळणीने, सुपाने, जसे तांदूळ निवडतात तसे. मी शाळेतून यायचे तर ओसरीवर तू मांडी घालून बसलेली, आणि माझी लेक तुझ्या गुडघ्याला टेकून. मी म्हटलं, "रंजू, लहान आहेस का?" तू वर न बघता म्हणालीस, "ताई, हे कुनी केलंय त्याला सगळं ठावं हाय. कुठला पन तुकडा कुठं पन बसतो." मी चहा ठेवायला आत गेले. त्या वाक्यात काहीतरी होतं आणि ते माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून मी आत गेले.

त्या वर्षी तू लूम केलास.

तुझे वडील भिवंडीत लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, कामाला होते, तू लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचीस, हे मला माहीत होतं. पण तू ते यंत्र इतकं पाहून ठेवलं असशील असं वाटलं नव्हतं. वीतभर उंचीचा लूम, सगळा ठोकळ्यांचा. बाजूची मूठ फिरवली की सुतांचे दोन पदर वरखाली व्हायचे आणि मधून इवलासा धोटा इकडून तिकडे पळायचा. त्यातून बोटभर रुंदीची खरी पट्टी विणून निघायची. तन्वी टाळ्या पिटत होती. भावजी खुर्चीवरून उठून खाली बसले. आणि तू? तू कान लावून बसली होतीस. म्हणालीस, "आवाज चुकतो."

"कसला आवाज?"

"लूमचा. दुसरा ठोका जरा उशिरा पडायला पायजे."

तू तो आख्खा उसवलास आणि पुन्हा बांधलास. चार वेळा. पाचव्या वेळी मूठ फिरवलीस आणि आईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "कोनाचा गो लूम चालू झाला?"

मी सोळा वर्षं मुलांना शिकवत होते, नीट बघा, बघितल्याशिवाय चित्र येत नाही. तू कानांनी बघत होतीस. हे कुणी शिकवत नाही, आणि शिकवून येतही नाही. त्या दिवशी माझ्या पोटात जे काही पडलं ते आजतागायत तिथेच आहे.

तरी मी मदतीला आले. म्हटलं, हा लूम दुसऱ्या कुणाला बांधता यावा म्हणून पायरीपायरीची चित्रं मी काढते. तुला केवढा आनंद झाला. मी पंधरा दिवस बसून बावीस चित्रं काढली. प्रत्येक ठोकळ्यावर छाया, प्रकाश, सगळं. माझ्या मते ती माझी सर्वांत चांगली रेखाटनं होती. तू एकेक कागद हातात घेऊन बघितलास, मग चित्र समोर ठेवून बांधायला बसलीस, आणि सहाव्या चित्राला थांबलीस.

"ताई, चित्र झ्याक हाय. पन ह्यावरून कुनाला जोडता येनार न्हाय."

"का?"

"कुठला तुकडा नवीन आला तेच दिसत न्हाय. सावलीत गेला."

"रंजू, मी सोळा वर्षं चित्रकला शिकवते."

"म्हनूनच," तू म्हणालीस. वाईट हेतूने नाही. तुला खरंच तसं वाटलं आणि तू बोललीस. मी कागद गोळा केले आणि माझ्या कपाटात ठेवून दिले. तू दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "ताई, रागावलात? साध्या रेघांनी काढा ना, नुसत्या रेघांनी." मी म्हटलं, वेळ नाही, पेपर तपासायचे आहेत. पेपर नव्हते. हे आपलं भांडण सात वर्षं चाललं. तू दर काही महिन्यांनी विचारायचीस, मी दर वेळी काहीतरी कारण काढायचे.

आता जे लिहिणार आहे ते तुला माहीत आहे. पण बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, आणि मला ते लिहायचं आहे.

मिश्राजींनी तुझ्या लूमचा व्हिडिओ फोनवर काढून कुणाकुणाला पाठवला होता, कुणीतरी तुला नक्की बोलावेल असंही म्हणाले होते. दोन महिन्यांनी गोडाऊनच्या पत्त्यावर तुझ्या नावाने एक पत्र आलं. तोवर मिश्राजींची बदली झाली होती. तू ते पत्र पदराखाली घेऊन आलीस, हात धुऊन, पुसून, माझ्यासमोर धरलंस.

"ताई, वाचा ना. इंग्रजीत हाय."

पुण्याच्या एका खेळण्यांच्या कंपनीचं पत्र होतं. मी वाचलं. त्याच आठवड्यात माझी खाडीची चार चित्रं एका प्रदर्शनाने परत पाठवली होती, तीही दोन ओळींची चिठ्ठी जोडून. ते पार्सल अजून पलंगाखाली तसंच पडलं होतं. मी तुझं पत्र एकदा वाचलं, परत वाचलं, आणि म्हटलं, "जाहिरात आहे. सगळ्यांना पाठवतात. आमचा माल घ्या म्हणतात."

तू म्हणालीस, "मला वाटलंच. मला कोन इचारतंय." आणि हसून भाकऱ्या थापायला गेलीस. पत्र माझ्या हातातच राहिलं. मी ते त्या बावीस चित्रांच्या मध्ये ठेवलं आणि कपाटाला किल्ली लावली.

रंजू, मी ठरवून केलं नाही असं म्हणणार नाही. तोंडातून निघून गेलं हे खरं, पण दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. उत्तर द्यायची मुदत तीन आठवड्यांची होती आणि मी ते तीन आठवडे दिवस मोजत काढले. मुदत संपली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहिते.

आणि त्याचा उपयोग काय झाला? काहीच नाही. तुला अडवता येत नव्हतं. गल्लीतल्या निलूच्या हळदीला तू पिवळ्या ठोकळ्यांचे कानातले केलेस, तर पुढच्या लग्नसराईत अंजूरपासून अंबाडीपर्यंतच्या पोरी तुझ्याकडे यायला लागल्या. दारावरच्या नावाच्या पाट्या झाल्या, भिंतीवरची घड्याळं झाली. भिवंडीत कापड व्यापाऱ्यांनी भरवलेल्या मेळ्यात तुझा लूम मांडला, तिथे मुंबईच्या मॅडमनी तो पाहिला, आणि त्या स्वतः अंजूरला आल्या. त्यांच्याशी बोलायला माझी गरज पडली नाही, त्या मराठीच बोलत होत्या. दोन वर्षांत तू गोडाऊन सोडलंस, रस्त्याकडेला गाळा घेतलास, शबाना आणि वंदनासह पाचजणींना कामाला घेतलंस. लूमचा संच खोक्यात घालून दुकानांत गेला. खोक्यावर लिहिलं होतं, रचना: रंजना. तन्वीने तो खोका तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. माझं एकही चित्र तिने कधी खोलीत लावलं नाही.

त्या संचाची पायरीपायरीची चित्रं तन्वीने काढली, संगणकावर, नुसत्या रेघांनी. पंधरा वर्षांची पोर. तू आणि ती डोक्याला डोकं लावून बसायचात. मी दारातून बघायचे आणि निघून जायचे. बारावीनंतर ती म्हणाली, मला खेळण्यांचं डिझाइन शिकायचं आहे. मी विचारलं, "हे कुठून काढलंस?" ती म्हणाली, "काकीकडून. अजून कुठून?"

आणि तू ठोकळ्यांत केलेलं ते जुनं अंजूर. टेबलभर मोठं गाव, गोडाऊन यायच्या आधीचं. तू इथली नव्हतीस, मीही नव्हते. पण तू गावातल्या म्हाताऱ्यांना एकेकाला ओसरीवर बसवून विचारलंस, खाडीकाठच्या खाजणाचा बांध कुठून जायचा, तळं कुठे होतं, कुणाच्या शेताला काय नाव. मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आईंना नीट दिसत नाही, तरी त्यांनी बोटांनी चाचपत चाचपत एका हिरव्या पट्टीवर हात थांबवला आणि म्हणाल्या, "हाच आमचा बांध. हितं मी डोक्यावरून जेवान न्यायची गो." मग त्या तुझ्या गालावरून हात फिरवत राहिल्या. त्याच शेताचं माझं जलरंगातलं चित्र बारा वर्षं त्यांच्या खाटेच्या वर टांगलेलं आहे. त्यांनी कधी विचारलं नाही, हे कुठलं.

तू हे बघितलंस. तुला सगळं दिसायचं. आठवडाभराने तू माझ्या त्या चित्राला ठोकळ्यांची चौकट करून दिलीस. भाताच्या रंगांची, खाली फिकी, वर जाता जाता पिवळी होत जाणारी. तुला वाटलं मला बरं वाटेल. मला बरं वाटलंही, खोटं कशाला बोलू. कुणी माझ्या चित्रासाठी एवढे कष्ट घेतले नव्हते. आणि मग पाहुणे आले की म्हणायचे, "वा, चौकट कुठून आणलीत?"

माझं डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तू मला हात धरून नेलंस-आणलंस, गाळा बंद ठेवून. मी डोळ्यांवरच्या पट्टीआडून तुझा आवाज ऐकत असायचे, "ताई, पायरी. ताई, आता वळायचंय." तेव्हा मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. पट्टी निघाली आणि राहून गेलं.

शेवटी ठाण्याच्या हॉस्पिटलात सांगितलं. कावीळ झालीय, पंधरा दिवसांत बरी होईल, असंच आपल्याला वाटत होतं. नवव्या दिवशी दुपारी मी एकटी तुझ्याजवळ होते. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "ताई, तुम्ही व्हता म्हनून मी झाले. पयलं चित्र तुम्हीच काढलंत. मी फाडकन बोलले तुमाला, तेवढं मनात ठेवू नका."

तू माझी माफी मागत होतीस. ते मला सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. पत्र, पुणे, तीन आठवडे, किल्ली.

तू हात काढून घेतलास. मग विचारलंस, "किती वर्सं झाली?"

"सात."

"सात वर्सं माझ्या ताटाला ताट लावून जेवलात."

मग तूच विचारलंस,

"काय लिवलं व्हतं त्यात?"

मला ते पाठ होतं. सात वर्षांत किती वेळा काढून वाचलं असेल. मी तुला मराठीत सांगितलं. लिहिलं होतं, रंजनाताई, तुमच्या लूमचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी काम थांबवून पाहिला. आमच्याकडे शिकलेले डिझायनर आहेत, पण यंत्राचा ठेका ठोकळ्यांत पकडलेला आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. तुम्ही आठवडाभर पुण्याला याल का? राहण्याची सोय आम्ही करू. आणि तुम्हाला घर सोडून येणं जमत नसेल, तर आम्ही अंजूरला आलो तर चालेल का?

"ते शेवटचं परत म्हना."

"आम्ही अंजूरला आलो तर चालेल का."

तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रागाचं होतं की कसलं, मला कळलं नाही. तू म्हणालीस, "मला वाटायचं, मला कोनी बलावलंच न्हाय. मिश्राजी नुसतंच बोलले आसं वाटायचं. दीड वर्स मी लूम माळ्यावर टाकून दिला व्हता, ताई. ठाव हाय ना?"

माहीत होतं. माळ्यावर ठेवताना शिडी मीच धरली होती.

"आता कशाला सांगितलंत? तुमचं मन हलकं व्हायला?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तू भिंतीकडे तोंड केलंस. "उद्या या," म्हणालीस. "आज मला तुमच्याशी बोलायचं न्हाय."

मी दुसऱ्या दिवशी आले, सकाळी आठ वाजता. तू शुद्धीवर नव्हतीस. मग दोन दिवस, आणि मग काहीच नाही. तू माझ्याशी काय बोलणार होतीस ते मला कधीच कळणार नाही. शिव्या देणार होतीस, की हसणार होतीस, की अबोला धरणार होतीस. मी तिन्ही ऐकून घेतलं असतं. लोक म्हणतात, रंजू कुणावर राग धरायची नाही. लोकांना काय माहीत? त्यांना गोष्टच माहीत नाही. तू माफ केलं असतंस असं मी स्वतःला सांगणार नाही. ते तुझं होतं, तुझ्याबरोबर गेलं. तुझं एक पत्र मी तुझ्यापासून लपवून बसले, ही दुसरी गोष्ट मी तुझ्या वतीने ठरवणार नाही.

तेराव्यानंतर तन्वीला सांगितलं. आम्ही दोघी डाळ निवडत होतो. तिने ताट बाजूला ठेवलं. "मी चौथीत असताना तू मला मारलं होतंस," ती म्हणाली. "मी शेजारच्या मुलीच्या चित्रावर पाणी सांडलं म्हणून. म्हणाली होतीस, दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही."

"हो."

"काकीला सांगितलंस?"

"सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

मी जसंच्या तसं सांगितलं. ती रडली नाही. आजीच्या पाया पडली, बॅग उचलली आणि हॉस्टेलवर गेली. नऊ दिवस झाले, तिचा फोन नाही. शबानाला मात्र रोज मेसेज करते. दिनेशभावजींनाही सांगितलं. ते टेम्पो धुवत होते. त्यांनी पाइप खाली ठेवला, नळ बंद केला, आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, मला तेव्हा कळलं असतं तर मी पुण्याला सोडून आलो असतो तिला." त्यानंतर ते माझ्या हातचा चहा घेतात, पण उभ्याने.

गाळ्यावर मी गेले ती तिथल्या बायांनी बोलावलं म्हणून नाही. तुझा शेवटचा संच अर्धा राहिला आहे, भातलावणीचा, आणि त्याची चित्रं कुणीच काढलेली नाहीत, हे शबानाने भावजींना सांगताना मी ऐकलं. मूठ फिरवली की ओळीतल्या बाया वाकतात आणि रोप लावतात, असा तो संच. तन्वीला परीक्षा आहे. मी दारात उभी राहिले आणि सांगण्यासारखं जे होतं ते त्या पाचजणींना सांगितलं, सगळं. वंदना हातातलं काम टाकून उठली आणि आत निघून गेली. शबानाने त्यांनी जोडून पाहिलेला संच माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बोल दिया ना? अब बैठो. ये औरतें सब एक साथ झुक रही हैं, रंजूताई को ऐसा नहीं चाहिए था. एक के बाद एक झुकनी चाहिए."

मी बसले. तू बांधून ठेवलेला नमुना तुकडा तुकडा करून उसवला आणि उसवताना प्रत्येक पायरीला एक चित्र काढलं. नुसत्या रेघांनी. नवीन आलेला तुकडा जाड रेघेत, बाकी सगळे बारीक. सावली कुठे नाही. हात सारखा सावली द्यायला जायचा, त्याला आवरून धरावं लागायचं. मग शबाना चित्र समोर ठेवून बांधायला बसली आणि मी गप्प बसून बघायचं, असं ठरलं. नवव्या पायरीला ती अडकली. "रंजूताई होती तो अभी बता देती," ती म्हणाली. मी जागच्या जागी पेटले. तू जाऊन महिना झालेला नाही आणि मी पेटले. उठून चप्पल घातली, रस्त्यापर्यंत गेले, कंटेनर जाईपर्यंत थांबले, आणि परत आले. नववं चित्र पुन्हा काढलं. तुझ्या दांड्यावरच्या चाकांचे दात एकेका घराने पुढे सरकवलेले होते, त्यामुळे बाया एकामागून एक वाकणार होत्या. तू ते करून ठेवलं होतंस, आम्ही उलटं बसवत होतो.

परवा तो पूर्ण झाला. वंदनाने मूठ फिरवली. पहिली वाकली, मग दुसरी, मग तिसरी, शेतात वाकतात तशा, एकीचं बघून दुसरी. वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "रंजूताईंनी काय करून ठेवलंय!" पाचहीजणी तेच म्हणत राहिल्या. माझ्या चित्रांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चित्र नीट असलं की त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, जोडणाऱ्याचे हात नुसते चालत राहतात, असं तू सांगायचीस. बरोबर सांगायचीस. मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही.

संच पुढच्या महिन्यात निघेल. मुंबईच्या मॅडमचा फोन आला होता, खोक्यावर नावं काय घालायची विचारायला. मी म्हटलं, रचना: रंजना, बाकी कुणाचं नाव नको. त्यांनी विचारलं, आणि चित्रं? मी म्हटलं, त्याची गरज नाही. फोन ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या मला वाटलं, मी असं का म्हणाले?

दिवसभर फोन हातात घेऊन बसले. पण परत लावला नाही.